थॅलिडोमाइडनं धरलेलं बोट

औषधरसायनशास्त्रात मी आले तेव्हा काही प्रथिनांचं नाव काढलं की वरिष्ठ मंडळी नुसती मान हलवत. त्यांच्या नादी लागू नका, असा त्याचा अर्थ. या नादी न लागण्याच्या प्रथिनांत सगळ्यात मोठं घराणं होतं झिंक फिंगर ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टरांचं. पेशीच्या केंद्रकात डीएनएवर बसून कोणतं जनुक वाचायचं आणि कोणतं मिटून ठेवायचं, हे ठरवणारी ही प्रथिनं. माणसाच्या पेशींत जनुकं चालू-बंद करणारी साधारण १,६०० प्रथिनं आहेत आणि त्यांतली जवळजवळ निम्मी या एका घराण्यातली. कितीतरी कर्करोगांत पेशीला वाढत ठेवतात ती हीच, गर्भाचे हातपाय घडवतात ती हीच आणि बाळ जन्मल्यावर त्याच्या रक्तातलं हिमोग्लोबिन बदलून टाकतात तीही हीच. रोगाच्या मुळाशी जायचं तर इथपर्यंत जायला हवं आणि जायला वाट नाही, अशी आमची अडचण होती.

आता वाट सापडली आहे. ती ज्या औषधानं दाखवली त्याचं नाव आजही दबक्या आवाजात घेतलं जातं. १९५७ ते १९६१ या काळात थॅलिडोमाइडमुळे दहा हजारांच्या वर मुलं हातापायांत गंभीर व्यंग घेऊन जन्माला आली. त्याच औषधाची धाकटी भावंडं आज मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगात रुग्णांना वर्षानुवर्षांचं आयुष्य मिळवून देत आहेत. औषध एकच, एके काळी ते वाईट होतं आणि आता चांगलं झालं, अशी ही गोष्ट नाही. मुलांचे हात हिरावणारी आणि मायलोमाच्या पेशी मारणारी क्रिया तीच आहे, फक्त तिच्या तावडीत सापडणारं प्रथिन वेगळं आहे. हे नीट समजून घेतल्याखेरीज या क्षेत्रात कुणी नवा रेणू घेऊन माणसांपर्यंत जाऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी ही प्रथिनं कशी असतात ते पाहू. १९८५ साली केंब्रिजच्या रेणवीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत ॲरन क्लुग यांच्या गटात झेनोपस या आफ्रिकी बेडकाच्या अंडपेशींतलं टीएफ-३ए नावाचं प्रथिन अभ्यासलं जात होतं. जोनाथन मिलर हा त्यांचा विद्यार्थी ते प्रथिन वेगळं काढायचा, पण शुद्ध करता करता त्याचा काही भाग हातातून निसटायचा. शोध घेतल्यावर लक्षात आलं की प्रथिनात जस्ताचे अणू आहेत आणि शुद्धीकरणाच्या द्रावणात नेहमी घालतो तो पदार्थच ते जस्त ओढून घेतो आहे. जस्त सांभाळून काम केल्यावर चित्र स्पष्ट झालं. प्रथिनात साधारण ३० अमिनो आम्लांचा एक तुकडा नऊ वेळा पुन्हा पुन्हा येत होता. प्रत्येक तुकड्यात दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा एक अणू चार बाजूंनी धरून ठेवतात आणि त्या अणूभोवती तो तुकडा बोटासारखा वळतो. जस्त काढून घेतलं की बोट उलगडतं आणि प्रथिन निकामी होतं.

सहा वर्षांनी निकोला पावलेटिच आणि कार्ल पेबो यांनी अशी तीन बोटं डीएनएला धरून बसलेली स्फटिकात दाखवली. प्रत्येक बोटात एक लहानसा दुमडलेला पट्टा आणि एक मळसूत्र असतं. मळसूत्र डीएनएच्या रुंद खाचेत शिरतं आणि साधारण तीन अक्षरं वाचतं. बोटं एकापुढे एक जोडली की लांब मजकूर वाचता येतो. सजीवांनी ही रचना किती ठिकाणी वापरली आहे, याला मोजमाप नाही. माणसाच्या जनुकसंचात अशी हजारो बोटं आहेत.

आता औषध कुठे बसवायचं हा प्रश्न. बहुतेक औषधं प्रथिनातल्या एखाद्या खोल कप्प्यात जाऊन बसतात. विकरांमध्ये असे कप्पे असतात, कारण त्यांना स्वतःचं काम करण्यासाठी लहान रेणू आत घ्यावा लागतो. झिंक फिंगरला कप्पाच नाही. डीएनएला भिडणारा त्याचा पृष्ठभाग रुंद आणि उघडा आहे. सह्याद्रीतल्या गुळगुळीत कातळावर हात रोवायला खोबण मिळू नये तशी आमच्या लहान रेणूंची गत होते. इस्ट्रोजेन रिसेप्टर हा अपवाद वाटतो. त्यात जस्ताची बोटं आहेत आणि टॅमॉक्सिफेन हे औषध त्यावर चालतं. पण टॅमॉक्सिफेन बोटांना हातच लावत नाही. तो रिसेप्टर संप्रेरक धरतो आणि संप्रेरकासाठी त्याच्याकडे वेगळा कप्पा आहे, तिथे ते बसतं. घराण्यातल्या बाकीच्या शेकडो प्रथिनांना तो कप्पा नाही.

मग पहिला विचार जस्तच हुसकून लावण्याचा झाला. सिस्टीनमधल्या गंधकाशी क्रिया करणारा रेणू द्यायचा, पकड सुटली की जस्त बाहेर. एचआयव्हीच्या केंद्रकवेष्टन प्रथिनात जस्ताची दोन लहान बोटं असतात आणि ती विषाणूला अत्यावश्यक आहेत. १९९०च्या दशकात त्यांच्यावर डायसल्फाइड जातीचे अनेक रेणू तपासले गेले. त्या ओघात ॲझोडायकार्बोनामाइड हा पदार्थ रुग्णांवरच्या चाचणीपर्यंत गेला. चपलांचे आणि बुटांचे तळवे ज्या फेसाळ प्लास्टिकचे असतात ते फुगवायला हा वापरतात. औषध म्हणून तो पुढे सरकला नाही. इस्ट्रोजेन रिसेप्टरची बोटं अशीच सोडवून स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी थांबवता येतात, हेही उंदरांवर दाखवून झालं. औषध तयार झालं नाही.

हे काम मी जवळून पाहिलं आहे. जस्त सुटलं की नाही हे पाहायची जुनी सोपी पद्धत म्हणजे पीएआर नावाचा रंग. ९६ खळग्यांच्या पारदर्शक प्लेटमध्ये प्रथिन घालायचं, पिवळा रंग घालायचा आणि प्रत्येक खळग्यात वेगळा रेणू सोडायचा. जिथे जस्त बाहेर पडतं तिथे रंग त्याला धरतो आणि पिवळ्याचा नारिंगी-तांबडा होतो. प्लेटवर असे तांबडे खळगे उमटले की नव्या विद्यार्थ्यांचे डोळे चमकतात. मग दुसऱ्या प्लेटमध्ये तेच रेणू भलत्याच झिंक फिंगरवर घालायचे. तिथेही तेच खळगे तांबडे होतात. तिसऱ्या प्रथिनावरही तेच. गंधकाशी क्रिया करणाऱ्या रेणूला सिस्टीन दिसतं, प्रथिन दिसत नाही. पेशीत जस्त धरून बसलेली प्रथिनं हजारोंनी आहेत आणि त्यांतली बरीचशी आपल्याला हवी आहेत. जस्त हुसकणाऱ्या रेणूंवर अजूनही शोधनिबंध निघतात. त्यांतल्या कुठल्याही एकाला 'अमुक प्रथिनाचा निरोधक' म्हणण्याआधी ही दुसरी आणि तिसरी प्लेट पाहायला मागावी, असं मला वाटतं.

या वाटेवर एकच मोठं यश आहे आणि ते फार शिकवून जातं. चीनमधल्या हार्बिन इथे १९७०च्या दशकात झांग तिंगडोंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमियाच्या रुग्णांना आर्सेनिक ट्रायऑक्साइड द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात तेच हे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९९८पासून नव्यानं निदान झालेल्या रुग्णांना एकट्या सोमलावर बरं करून दाखवलं गेलं, तेही फार कमी त्रास होऊन. या ल्युकेमियात दोन प्रथिनं एकमेकांना चिकटून एक विकृत ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर तयार झालेला असतो. त्यातल्या पीएमएल या अर्ध्या भागात जस्ताची बोटं आहेत. आर्सेनिक त्या बोटांतल्या सिस्टीनना धरतं, हे २०१०मध्ये दाखवलं गेलं. पण रोग बरा होतो तो केवळ बोट बिघडल्यानं नव्हे. आर्सेनिक धरलेल्या पीएमएलवर पेशी स्वतःच खुणा लावते आणि ते सगळं विकृत प्रथिन मोडीत काढते. प्रथिनाचं काम अडवून जे साधलं नसतं, ते प्रथिनच नाहीसं झाल्यानं साधलं. वाट नेमकी इथे होती. तिची ओळख मात्र आम्हाला दुसरीकडून व्हायची होती.

१ ऑक्टोबर १९५७ रोजी पश्चिम जर्मनीत केमी ग्रुनेंथाल कंपनीनं थॅलिडोमाइड कॉन्टेर्गान या नावानं बाजारात आणलं. झोपेचं औषध, डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळणारं. उंदरांना कितीही दिलं तरी ते मरत नाहीत, ही त्याची मोठी जाहिरात. गरोदरपणातल्या मळमळीवर ते सर्रास घेतलं जाऊ लागलं. अमेरिकेत औषध प्रशासनातल्या फ्रान्सिस केल्सी यांनी पुरावे अपुरे आहेत म्हणून परवानगी अडवून धरली आणि तो देश मोठ्या प्रमाणावर वाचला. १९६१मध्ये जर्मनीत विडुकिंड लेंझ आणि ऑस्ट्रेलियात विल्यम मॅकब्राइड यांनी औषधाचा आणि व्यंगांचा संबंध दाखवला आणि त्या नोव्हेंबरात ते जर्मनीतून मागे घेतलं गेलं. गर्भधारणेनंतरच्या तिसऱ्या ते पाचव्या आठवड्याच्या आसपास, म्हणजे कित्येक बायकांना दिवस गेल्याचं कळतं न कळतं त्याच काळात, एखाद-दुसरी गोळीही पुरेशी होती.

औषध मेलं नाही. १९६४मध्ये जेरुसलेमला जेकब शेस्किन यांनी कुष्ठरोगाच्या तीव्र प्रतिक्रियेनं तळमळणाऱ्या रुग्णाला झोप लागावी म्हणून ते दिलं आणि त्याच्या अंगावरच्या दुखऱ्या गाठीच बसल्या. त्या उपयोगासाठी ते पुढे रीतसर मंजूर झालं. १९९४मध्ये बॉस्टनला ज्युडा फोकमन यांच्या प्रयोगशाळेत ते नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखतं असं दिसलं. मायलोमानं आजारी असलेल्या एका तरुण हृदयरोगतज्ज्ञाची पत्नी नवऱ्यासाठी उपाय शोधत फोकमन यांच्यापर्यंत पोचली आणि आर्कान्सातल्या बार्ट बार्लोगी यांच्या मागे लागून तिनं ते वापरायला लावलं. तिच्या नवऱ्याला गुण आला नाही. दुसऱ्या रुग्णांना आला. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात, ज्याच्या पहिल्या लेखिका सीमा सिंघल होत्या, इतर सगळे उपाय थकलेल्या ८४ रुग्णांपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाला फायदा झाल्याची नोंद आहे. मायलोमातली ती अनेक वर्षांतली पहिली खरी नवी वाट. मग याच रेणूत थोडा बदल करून लेनॅलिडोमाइड आणि पोमॅलिडोमाइड आली. आज आपल्याकडे मायलोमाच्या रुग्णाच्या चिठ्ठीवर लेनॅलिडोमाइड बहुधा असतंच आणि भारतीय कंपन्या ते बनवत असल्यानं ते मध्यमवर्गीय घराच्या आवाक्यातही आहे.

आणि तरीही हे औषध करतं काय, हे २०१०पर्यंत कुणाला माहीत नव्हतं. टोकियोत हिरोशी हांडा आणि ताकुमी इतो यांच्या गटानं थॅलिडोमाइडचे रेणू सूक्ष्म मण्यांना पक्के जोडले, ते मणी पेशींच्या अर्कात सोडले आणि मण्यांना काय चिकटून वर येतं ते पाहिलं. वर आलं सेरेब्लॉन नावाचं प्रथिन. ते ज्या यंत्रणेचा भाग आहे तिचं काम म्हणजे नको असलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिनची साखळी चढवणं. ती साखळी दिसली की प्रोटिएझोम ते प्रथिन चिरून टाकतो. सेरेब्लॉनमध्ये तीन ट्रिप्टोफॅननी वेढलेला एक छोटा कप्पा आहे आणि थॅलिडोमाइडची एक बाजू त्यात चपखल बसते. दुसरी बाजू बाहेर राहते.

ती बाहेर राहिलेली बाजू कशासाठी, याचं उत्तर जानेवारी २०१४मध्ये बॉस्टनच्या दोन प्रयोगशाळांनी एकाच वेळी दिलं, बेंजामिन एबर्ट यांच्या आणि विल्यम केलिन यांच्या. लेनॅलिडोमाइड असताना सेरेब्लॉन दोन प्रथिनं धरून मोडीत पाठवतं, इकारोस आणि आयोलोस. दोन्ही झिंक फिंगर ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर. मायलोमाची पेशी त्या दोघांच्या जिवावर जगते, कारण ती पेशीला वाढवणारी पुढची जनुकं चालू ठेवतात. या दोघांना अडवणारं औषध शोधायला कुणी बसलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. पण रुग्णांना तसं औषध कित्येक वर्षं दिलं जात होतं.

ही गोष्ट प्रयोगात पाहण्यासारखी आहे. मायलोमाच्या पेशी वाढवायच्या, त्यात लेनॅलिडोमाइड घालायचं आणि दर थोड्या वेळानं काही पेशी काढून त्यांतली प्रथिनं जेलवर वेगळी करायची. इकारोस ओळखणारं प्रतिपिंड लावलं की पहिल्या रकान्यात ठळक काळा पट्टा उमटतो. पुढच्या रकान्यांत तो फिका होत जातो आणि काही तासांच्या रकान्यात नुसती सावली उरते. खालचा ॲक्टिनचा पट्टा, जो तुलनेसाठी घेतात, जसाच्या तसा. शेवटच्या रकान्यात लेनॅलिडोमाइडच्या जोडीला प्रोटिएझोम बंद करणारं बोर्टेझोमिब घालायचं, की इकारोसचा पट्टा पुन्हा ठळक. म्हणजे प्रथिन तयार होणं थांबलेलं नव्हतं, ते मोडलं जात होतं. पेशंटला मात्र ही दोन औषधं एकत्र देतात आणि उत्तम गुण येतो. डॉक्टर मित्रमैत्रिणी हे विरोधाभास म्हणून विचारतात. शरीरात बोर्टेझोमिबच्या नेहमीच्या मात्रेनं प्रोटिएझोम पुरता आणि कायमचा बंद होत नाही, मधल्या काळात तो चालू असतो आणि लेनॅलिडोमाइडला तेवढं पुरतं. शिवाय एक रेणू एक प्रथिन मोडून संपत नाही. काम झालं की तो सुटतो आणि पुढच्या प्रथिनाला लागतो. अडवणाऱ्या औषधाला सतत जागेवर बसून राहावं लागतं, याला नाही.

कप्पा नसलेलं प्रथिन हा रेणू धरतो कसा? तो एकटा धरतच नाही. सेरेब्लॉनमध्ये बसल्यावर त्याची उघडी बाजू आणि सेरेब्लॉनचा पृष्ठभाग मिळून एक नवाच पृष्ठभाग तयार होतो. झिंक फिंगरच्या दुमडलेल्या पट्ट्याच्या वळणावर एक ग्लायसीन असेल, तर ते वळण तिथे येऊन टेकतं. ग्लायसीन सगळ्यात लहान अमिनो आम्ल. त्याच्या जागी दुसरं काही असेल तर ते आड येतं. म्हणून सगळी बोटं सापडत नाहीत. २०१८मध्ये एबर्ट यांच्या गटानं माणसातली ६,५७२ झिंक फिंगरं एकेक करून तपासली, तेव्हा थॅलिडोमाइड आणि त्याच्या दोन भावंडांसमोर ११ मोडली गेली. पण पृष्ठभागावर जेमतेम टेकू शकणारी आणखी कितीतरी निघाली. रेणूवर एखादा अणुगट इकडचा तिकडे केला की त्यांतली नवी बोटं तावडीत येतात आणि जुनी सुटतात. आम्हा रसायनशास्त्रज्ञांना हे वाचून जो आनंद झाला तो मी अजून विसरलेले नाही. ज्या घराण्याचं नाव काढायचं नाही म्हणून सांगितलं होतं, त्यातलं कोणतं बोट हवं ते निवडायची शक्यता समोर होती.

त्याच वर्षी मुलांच्या व्यंगांचाही उलगडा झाला. गर्भ घडत असताना हातांच्या वाढीसाठी लागणारं सॉल-४ हेही झिंक फिंगर प्रथिन आहे आणि थॅलिडोमाइड तेही मोडीत पाठवतं. एरिक फिशर यांच्या गटानं आणि स्वतंत्रपणे आणखी एका गटानं हे दाखवलं. सॉल-४ जनुकाची एक प्रत जन्मतः बिघडलेली असली तर अंगठा आणि बाहेरच्या बाजूचं हाताचं हाड नीट वाढत नाही, डोळ्यांच्या हालचालीत दोष असतो. ही व्यंगं थॅलिडोमाइडच्या व्यंगांशी इतकी जुळतात, की ज्यांना थॅलिडोमाइडचे बळी समजलं होतं अशा काहींच्या जनुकांत सॉल-४चा दोष निघाल्याचं २००३मध्येच प्रसिद्ध झालं होतं. धागा तेव्हापासून समोर होता. सेरेब्लॉन आणि झिंक फिंगर हे दोन दुवे हाती आल्यावरच तो जोडता आला.

उंदरांनी दगा का दिला, तेही कळलं. माणसाच्या सेरेब्लॉनमध्ये ज्या जागी व्हॅलीन आहे, तिथे उंदरात आयसोल्यूसीन आहे. दोघांत फरक एका कार्बनचा. तो जास्तीचा कार्बन टेकायला येणाऱ्या बोटाच्या आड येतो. उंदराच्या सॉल-४मध्येही त्या जागी फरक आहे. एका कार्बनच्या अडसरामुळे उंदीर निर्धोक राहिले आणि माणसाची मुलं नाही. सशांत मात्र व्यंगं दिसतात. म्हणून आज गर्भावरची चाचणी एका कुरतडणाऱ्या आणि एका वेगळ्या प्राण्यावर, बहुधा सशावर, करावी लागते. महाविद्यालयात अजून शिकवलं जातं की थॅलिडोमाइडच्या दोन प्रतिमारूपांपैकी एक निर्दोष होतं आणि दुसरं घातक, ते वेगळं केलं असतं तर अनर्थ टळला असता. मुलांना असं सांगणं थांबायला हवं. शरीरात ही दोन रूपं एकमेकांत बदलत राहतात, कुठलंही एक शुद्ध करून दिलं तरी थोड्या वेळात दोन्ही असतात.

हे सगळं मला दूरचं वाटत नाही, कारण मी चंद्रपूर जिल्ह्यात वाढले. आमच्या वर्गातली एक मुलगी पावसाळा लागला, थंडी पडली, की हातपाय ठणकून शाळा बुडवायची. तिला सिकलसेल होता. विदर्भात आणि नंदुरबार-धुळ्याच्या पट्ट्यात हा आजार घरोघरी माहीत आहे. पुण्याचे डॉ. सुदाम काटे यांनी कित्येक वर्षं नंदुरबारकडच्या आदिवासी वस्त्यांत जाऊन यावर काम केलं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत एक अमिनो आम्ल बदललेलं असतं, त्यामुळे प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. पण गर्भात असताना बाळाच्या रक्तात बीटा साखळी कमीच असते, तिच्या जागी मुख्यतः गॅमा असते. गर्भातलं हे हिमोग्लोबिन जन्मानंतर काही महिन्यांत बंद पडतं आणि तेव्हा आजार दिसू लागतो. ते पुन्हा चालू झालं तर पेशी वाकत नाहीत.

ते बंद कोण करतं? झिंक फिंगर प्रथिनं. बीसीएल-११ए हे त्यांतलं मुख्य, हे २००८मध्ये विजय शंकरन आणि स्टुअर्ट ऑर्किन यांच्या गटानं दाखवलं. २०२३च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत कॅसजेव्ही हा क्रिस्परवर आधारलेला उपचार मंजूर झाला, तो रक्त बनवणाऱ्या मूळपेशींत बीसीएल-११एचं जनुक ज्या स्विचमुळे चालू राहतं तो स्विचच तोडून टाकतो. रुग्णाच्या पेशी काढायच्या, बाहेर दुरुस्त करायच्या, जबर केमोथेरपीनं अस्थिमज्जा रिकामी करायची आणि पेशी परत सोडायच्या. अमेरिकेत किंमत २२ लाख डॉलर. उपचार खरा आहे आणि तो मिळालेल्यांची दुखणी थांबली आहेत. धानोऱ्याच्या किंवा अक्कलकुव्याच्या मुलीपर्यंत तो पोचणार नाही. तिच्यापर्यंत पोचेल ती गोळी.

म्हणून २०२४मध्ये नोव्हार्टिसच्या शास्त्रज्ञांचा निबंध वाचून मी उठून उभी राहिले. सेरेब्लॉनमध्येच बसणारा, पण विझ या दुसऱ्या झिंक फिंगर प्रथिनाला मोडीत पाठवणारा रेणू त्यांनी शोधला आहे. विझ गेलं की गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागतं. माणसाच्या रक्तपेशी वाढवलेल्या उंदरांत आणि माकडांत त्यांनी ते दाखवलं. इतर कंपन्याही विझ आणि त्याच्यासोबत काम करणाऱ्या प्रथिनांच्या मागे आहेत. सध्या हातात आहे ते हायड्रॉक्सियुरिया. चांगलं आणि स्वस्त औषध आहे, त्यानंही हे हिमोग्लोबिन वाढतं, पण सगळ्यांना सारखा गुण येत नाही.

आता इथे सॉल-४चा प्रश्न पुन्हा समोर येतो आणि माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. मायलोमाचा रुग्ण बहुधा साठीच्या पुढचा असतो. लेनॅलिडोमाइड देताना गर्भधारणा होऊ नये म्हणून नोंदवही, चाचण्या, समुपदेशन असा बंदोबस्त ठेवता येतो. सिकलसेलचं औषध मात्र मुलींना आणि तरुण बायकांना, वर्षानुवर्षं, रोज घ्यायचं आहे. अंगात रक्त कमी, पाळी अनियमित, लग्न लवकर, जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र नदीपलीकडे. त्या मुलीला दिवस गेल्याचं कळेपर्यंत तो नाजूक काळ उलटून गेलेला असेल. नोंदवहीच्या भरवशावर हे औषध तिथे चालवता येणार नाही. विझला धरणारा आणि सॉल-४ला न शिवणारा, हा भेद रेणूतच असला पाहिजे. रसायनशास्त्राला तो भेद करता येतो. वळणावरच्या एकेका अमिनो आम्लाशी रेणूची कोणती बाजू भिडते हे आपल्याला दिसतं, आणि सॉल-४चं बोट विझच्या बोटापासून वेगळं ओळखायला तेवढी जागा आहे.

आम्ही या प्रकारचा कुठलाही रेणू बनवला की तो हव्या त्या प्रथिनाला मोडतो का, याच्या बरोबरीनं सॉल-४चा पट्टा माणसाच्या मूळपेशींत टिकतो का हे पाहतो, उंदराच्या पेशींत पाहून उपयोग नाही. हातांच्या घडणीशी जोडलेलं पीएलझेडएफ हेही तपासतो. मग पेशीतली हजारो प्रथिनं एकाच वेळी मोजून कुठलं अनपेक्षित घटलं ते पाहतो. हे निकाल कंपन्यांनी औषध मंजुरीच्या कागदांत पुरून न ठेवता सगळ्यांसमोर मांडावेत, निदान सिकलसेलच्या औषधांच्या बाबतीत तरी.

आणखी एक मागणी आहे. असे काही रेणू आता माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांत आहेत. मध्य भारतातल्या सिकलसेल रुग्णांत जनुकाची जी पार्श्वभूमी आढळते, तिला अरब-भारतीय म्हणतात, तिच्यात गर्भातलं हिमोग्लोबिन मुळातच आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा जास्त असतं. काहींना त्यामुळे आजार सौम्य जातो, काहींना तेवढं असूनही झटके येतात. विझ काढून घेतल्यावर अशा रक्तात आणखी किती भर पडेल आणि तेवढ्यानं झटके थांबतील का, हे अमेरिकेतल्या रुग्णांच्या आकड्यांवरून सांगता येणार नाही. भारत सरकारनं जुलै २०२३मध्ये सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली, गावोगाव तपासण्या चालू आहेत, रुग्णांची नोंद होते आहे. त्या नोंदींच्या आधारे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली आणि नंदुरबारची रुग्णालयं या चाचण्यांत सुरुवातीपासूनच असायला हवीत, औषध मंजूर होऊन दहा वर्षांनी नव्हे.